नावावरची भिंत

मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की पाणी मागण्याआधी भिंत वाजवीत. उजव्या हाताची मधली दोन बोटे मुडपून ते तीनदा टकटक करीत, कान टेकवीत, आणि आतून कोणी उत्तर दिल्यासारख्या चेहऱ्याने मागे सरत. यजमान ‘या, बसा’ म्हणत उभा असे; त्याच्याकडे लक्ष नसे. भिंतीबद्दल मत चांगले झाले तर ते तिलाच टेकून बसत. वाईट झाले तर अंगणात बसत आणि चहाही तिथेच मागवीत. लोहारा तालुक्यातल्या आमच्या गावात आणि सास्तूरपर्यंतच्या आसपासच्या गावांत अशी पुष्कळ घरे होती, जिथे मिस्त्री वर्षानुवर्षे फक्त अंगणात बसले.

मिस्त्रींच्या भाचीसाठी स्थळ पाहायला आम्ही अणदूरला गेलो होतो. कागदपत्रे कळणारा माणूस म्हणून मला बरोबर घेतले होते. मुलगा सुस्वभावी होता, जमीन कोरडवाहू असली तरी वादात नव्हती, सातबारा मी स्वतः वाचला. सगळ्यांच्या माना डोलत असताना मिस्त्री बैठकीतून नाहीसे झाले. शोधले, तेव्हा ते घराच्या मागच्या बाजूला उभे राहून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातल्या तड्याकडे टक लावून पाहत होते.

“पाव्हणं, काय हरवलंय का?” मुलाच्या वडिलांनी विचारले.

“पोरगं तुमचं चांगलं हाय,” मिस्त्री म्हणाले, “पर हा कोपरा न्हाय चांगला.”

“पोरगी द्यायला आलाय का घर इकत घ्यायला?”

“पोरगी ऱ्हानार कुठं? घरातच ना? का तुमच्या पोराच्या खिशात?”

स्थळ मोडले असे मी मनात लिहूनही टाकले. पण मुलाचे वडील समजूतदार निघाले. कोपरा पुन्हा बांधायचा, आणि तो मिस्त्रींनीच बांधायचा, अशी अट घालून सुपारी फुटली. वधूपक्षाचा कर्ता पुरुष लग्नाआधी पंधरा दिवस वरपक्षाच्या घरी घमेले उचलतो आहे, हे दृश्य अणदूरकरांनी चवीने पाहिले. मीही हसलो होतो. का हसायला नको होते, ते मला पुढे कळले.

मी तालुक्याच्या न्यायालयात आयुष्यभर कारकुनी केली. शेवटी शेवटी थोडा वरचा हुद्दा मिळाला, इतकेच. मिस्त्री मात्र मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. मी वकील नाही, हे मी त्यांना किमान पन्नासदा सांगितले असेल. “वकिलांचे कागद कोन लावत व्हतं? तुमीच ना? मग झालं की,” असे म्हणून ते विषय संपवीत. आता ते नाहीत, म्हणून हे लिहिण्याची मुभा मी घेतो आहे. हयातीत त्यांनी ती दिली नसती.

आमची ओळख एका करारनाम्यामुळे झाली. माझ्या घराची मागची भिंत नव्याने बांधायची होती, आणि कुठलेही काम लेखी ठरल्याशिवाय सुरू करायचे नाही हा माझा नियम होता व आहे. अकरा कलमांचा करारनामा तयार करून मी मिस्त्रींपुढे ठेवला. त्यांना जेमतेम सही करण्यापुरते आणि बसच्या पाट्या वाचण्यापुरते वाचता येई. “वाचा मोठ्यानं,” ते म्हणाले. मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग डोके खाजवत विचारले, “समदं हाय. पर ह्यात मुरूम कुठं हाय?”

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्या परसातले एक ढेकूळ उचलून हातावर फोडले. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. तिच्यावर उभे केलेले सगळे तिच्याबरोबर वर-खाली होते. तिच्या खाली, कुठे तीन फुटांवर तर कुठे आठ फुटांवर, मुरूम लागतो. तो हलत नाही. “पाया मुरमावर टेकला पायजे, मग किती का खोल जावं लागंना. ते लिवा,” मिस्त्री म्हणाले. मी बारावे कलम हाताने लिहिले. न्यायालयात मी असंख्य करार पाहिले. दुसऱ्या पक्षाने आग्रह करून स्वतःवरचे ओझे वाढवून घेतल्याचा तेवढा एकच पाहिला.

पायाच्या खड्ड्यात ते स्वतः उतरत. तळाच्या मातीचा लिंबाएवढा गोळा वळून काठावर उन्हात ठेवत आणि दुपारपर्यंत दुसरे काही करत. गोळ्याला तडा गेला की ‘अजून खाली’ म्हणत. मालक कुरकुरला, तर गोळा त्याच्या हातात देत. पहिला थर बसेपर्यंत ते कोणाशी बोलत नसत. त्या वेळात त्यांच्या बायकोने निरोप पाठवला तरी तो निरोप्या दगडांच्या ढिगाशी बसून राही. आणि थर बसला की मात्र असे बोलायला लागत की हाताखालचे गवंडी म्हणत, “मिस्त्री, आता भिंतीला बी झोप आली असंल.”

त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले एक प्रमाणपत्र असे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गवंड्यांना भूकंपात टिकणारे बांधकाम शिकवण्यासाठी जी शिबिरे झाली, त्यांपैकी एका शिबिराचे ते होते. या भागातल्या बऱ्याच जुन्या गवंड्यांकडे असे प्रमाणपत्र आहे; ते देवघरात किंवा लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेले असते. मिस्त्रींचे अंगावर असे. कोणी त्याचे कौतुक केले की ते लगेच त्या माणसाला छायाप्रत देत. घरी छायाप्रतींचा गठ्ठाच करून ठेवला होता. किराणा दुकानदाराकडे एक होती, कंडक्टरकडे एक होती, माझ्याकडे तीन होत्या. “अहो, असा दस्तऐवज वाटत फिरू नये,” असे मी बजावले होते. “इद्या हाय ती. दिल्यानं काय झिजती व्हय?” असे उत्तर मिळाले होते.

ते शिबिर त्यांनी कशासाठी केले, हे त्यांनी मला एकदाच सांगितले. आम्ही माझ्याच नव्या भिंतीच्या सावलीत बसलो होतो आणि मी अणदूरच्या कोपऱ्याचा विनोद पुन्हा काढला होता. ते हसले नाहीत.

“त्या पोरीची आय माझी थोरली भैन. तिचं घर म्या बांधलं व्हतं, वकीलसाहेब. बापाच्या हाताखालनं सुटल्यावरचं माझं पयलं घर.”

आमच्याकडच्या जुन्या दगडी भिंती हात-दीड हात जाड असत, पण त्या खरे तर दोन भिंती असत: बाहेरची एक, आतली एक, आणि मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा व माती. दोन्हींना एकमेकींशी धरून ठेवायला ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. त्याला मिस्त्री जोडदगड म्हणत. तो घडवायला वेळ लागतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो आहे की नाही हे कळत नाही.

“तिला म्हनलं व्हतं, दिवाळीच्या आत ऱ्हायला जाशील. घाई केली. जोडदगड न्हाय घातलं. भायेरनं कुनाला दिसतंय? त्या पहाटं पोर माझ्याकडं व्हती म्हनून वाचली. लोक म्हनतेत, भूकंप देवाचा. व्हय, भूकंप देवाचा. भिंत माझी व्हती.”

सगळ्यांच्याच भिंती पडल्या होत्या, असे मी म्हणालो. कायद्याने विचार केला तर ते खरेही होते.

“त्यांच्या त्यांनी बघाव्यात,” मिस्त्री म्हणाले, आणि उठून कामाला लागले.

आता पुराविषयी. तेरणा नदीला मिळणारा जो ओढा आमच्या गावाच्या शाळेला वळसा घालून जातो, तो एका पावसाळ्यात शाळेच्या मैदानात शिरला. जुनी संरक्षक भिंत गेली, मैदानाचा लचका गेला, आणि दोन वर्गखोल्यांचा पाया उघडा पडला. तालुक्यात इतर ठिकाणीही पूल, मोऱ्या, बांध वाहून गेले. शासनाने पुनर्बांधणीचा निधी मंजूर केला. आणि तेथून पुढे जे झाले, त्याचा विचार आला की आजही माझा हात पेनाकडे जातो.

अनेक गावांची लहान लहान कामे एकत्र बांधून एकच मोठी निविदा काढण्यात आली. एवढे मोठे काम पूर्वी केल्याचा दाखला फक्त मोठ्या कंपनीकडे असतो. सबब काम दूरच्या एका कंपनीला गेले. गल्लीच्या गल्ली ज्यांनी भूकंपानंतर पुन्हा उभी केली, ते गवंडी आपल्याच गावच्या शाळेची भिंत बांधण्यास अपात्र ठरले. मी पत्रे लिहिली. तहसीलदारांना, कार्यकारी अभियंत्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना. प्रत्येक पत्राची पोच घेतली आणि फाइलला लावली. माझा मुद्दा भावनेचा नव्हता. बाहेरचा ठेकेदार काम करून निघून जातो. गावातल्या गवंड्याला आपल्या भिंतीसमोरून रोज जावे लागते, आणि तिच्या मागे त्याची नातवंडे बसलेली असतात. याहून मोठी अनामत कुठली निविदा मागणार आहे?

माहितीच्या अधिकारात निविदेची प्रत मिळवली, तेव्हा तिच्या पोटात एक अट सापडली: कामाचा ठरावीक हिस्सा स्थानिक, लहान उपकंत्राटदारांकडून करून घेणे कंपनीवर बंधनकारक होते. अट चांगली होती. अडचण एवढीच, की ती कोणी वाचलेली नव्हती. मी मिस्त्रींना व त्यांच्या सहा गवंड्यांना बोलावून ती मोठ्याने वाचून दाखवली, त्यांची नोंदणी करून दिली आणि कंपनीला पत्र धाडले.

त्यानंतर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मला सोलापूरला जावे लागले. परत आलो, तेव्हा मिस्त्री खुशीत होते. कंपनीचा माणूस घरी येऊन गेला होता. फार आदबीने बोलला होता. प्रमाणपत्र हातात घेऊन त्याने दोनदा कपाळाला लावले होते.

“आणि?”

“आनि काय, झेरॉक्स दिली. आधार कार्डाची बी दिली. संमतीचा कागद व्हता, त्याच्यावर सही केली. म्हनला, काम सुरू झालं की बोलावतो.”

“मला विचारल्याशिवाय सही केलीत?”

“त्यानं कपाळाला लावलं की हो,” मिस्त्री म्हणाले.

बोलावणे आले नाही. एके सकाळी शाळेमागे तंबू ठोकून परगावची टोळी उतरली आणि वीस-बावीस दिवसांत भिंत बांधून निघूनही गेली. मिस्त्री रोज रस्त्यापलीकडे उभे राहून पाहत. पाया काळ्या मातीतच टेकला होता. मैदानात मुरणारे पाणी ओढ्याकडे निघून जावे म्हणून भिंतीला भोके ठेवावी लागतात. ती ठेवलेली नव्हती. उन्हाळा लागला तेव्हा भिंतीला पोट सुटले होते. मी आणखी एक अर्ज टाकला: अटीनुसार या कामाचा स्थानिक उपकंत्राटदार कोण?

उत्तर आले, ते मी मिस्त्रींना त्यांच्या ओट्यावर वाचून दाखवले. ‘सदर संरक्षक भिंतीचे काम निविदेतील अटीस अनुसरून स्थानिक उपकंत्राटदारामार्फत पूर्ण करून घेण्यात आले असून…’ आणि त्यापुढे मिस्त्रींचे संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह.

“परत वाचा.”

मी परत वाचले.

“म्हंजी ती भिंत माझी?”

“कागदोपत्री. मिस्त्री, ही सरळसरळ फसवणूक आहे. आजच तक्रार—”

ते चालू लागले होते. मी मागोमाग गेलो. शाळेला सुटी होती. मिस्त्री ओढ्यात उतरले, त्या पोट सुटलेल्या भिंतीपाशी गेले, बोटे मुडपून तीनदा टकटक केली आणि कान टेकवला. मी वरून तक्रारीचा मसुदा बोलत होतो. कलमे, प्रती कोणाकोणाला, सगळे. त्यांनी मध्येच विचारले,

“वकीलसाहेब, माझीच भिंत पाडायला मला कुनाची परवानगी लागती?”

न्यायालयात मी हजारो प्रश्न लिहून घेतले होते. हा कोणी विचारला नव्हता.

मी घरी येऊन निविदेची प्रत पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. दोन दिवस लागले. दोषदायित्व कालावधी नावाचे एक कलम असते: काम झाल्यानंतरच्या मुदतीत दोष आढळला, तर तो ज्याने काम केले त्याने दूर करायचा. हे कर्तव्य उपकंत्राटदारावरही लागू होते, तसे स्पष्ट नमूद होते. तक्रार केली असती तर चौकशी बसली असती. चौकशी अहवाल मागवते, अहवाल खुलासा मागवतो, आणि या सगळ्यात दोन पावसाळे सहज निघून जातात. मी तक्रार फाइलला लावून ठेवली आणि दुसरे पत्र लिहिले. मिस्त्रींच्या वतीने, कंपनीला आणि कार्यकारी अभियंत्यांना, पोच देय डाकेने: ‘आपल्याच अभिलेखानुसार मी या कामाचा उपकंत्राटदार आहे. कामात दोष आढळले आहेत. सबब, सदर पत्र मिळाल्यापासून आठव्या दिवशी मी दोषदुरुस्ती सुरू करीत आहे. आपली हरकत असल्यास ती लेखी व सकारण कळवावी.’

हरकत कोणीही कळवली नाही, कारण ते पत्र कोणीही वाचले नाही. सरकारी व खासगी कारभारातल्या या सवयीचा मला आयुष्यात एकदाच उपयोग झाला.

आठव्या दिवशी सकाळी मिस्त्री आणि त्यांचे सहा गवंडी पहारी घेऊन भिंतीवर चढले. मुख्याध्यापक बाईंनी वर्ग समाजमंदिरात हलवले. निम्मा गाव बघायला जमला. “भूकंप आला न्हाय म्हनून मिस्त्री आला वाटतं,” असे कोणी म्हणाले आणि हशा पिकला. उभी भिंत यड्याने पाडली, असे म्हणणारेही होते. त्यांना मी दोष देत नाही. पाऊस दोन महिन्यांवर होता. भिंत अर्धवट राहिली असती तर ओढा थेट वर्गात आला असता, आणि या वेळी ती भिंत खरोखर मिस्त्रींच्याच नावावर असती. त्यातून त्यांना वाचवायला माझ्याकडे कलम नव्हते.

दुपारी कंपनीचा साइट मॅनेजर जीपमधून आला. काळा चष्मा, पायांत बूट.

“काका, हे काय चाललंय?” त्याने मला विचारले. “कुणी परवानगी दिली?”

“आपल्या कंपनीने. हे आपले उपकंत्राटदार आहेत.”

“कोण, हे? यांचा आमच्या कामाशी काडीचा संबंध नाही!”

“उत्तम,” मी म्हणालो आणि कोरा कागद पुढे केला. “एवढंच वाक्य लिहून द्या. सही, शिक्का, तारीख. आम्ही हत्यारं गोळा करून घरी जातो.”

त्याने पेन काढले, टोपण उघडले, आणि मग त्याच्या लक्षात आले की हे वाक्य लिहिले तर अटीची पूर्तता खोटी ठरते, आणि न लिहिले तर समोरचा म्हातारा रीतसर आपले काम करतो आहे. टोपण त्याने पुन्हा लावले.

“सायेब, तुमच्या चष्म्यातनं ही भिंत सरळ दिसती का?” एक गवंडी वरून म्हणाला. “आमाला बी आना की एक.”

“जरा बाजूला सरा,” मिस्त्री म्हणाले. “दगूड येतोय.”

संध्याकाळच्या आत शाखा अभियंता आले. तोवर भिंतीचा मधला भाग उघडा झाला होता. बाहेरची बाजू आणि आतली बाजू यांच्यामध्ये जोडदगड एकही नव्हता. होत्या त्या कोरड्या चिपा, आणि त्यांच्यात कोंबलेली सिमेंटची रिकामी पोती. मिस्त्रींनी एक पोते ओढून काढले, झटकले, नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी शाखा अभियंत्यांच्या हातात दिले.

“हे बी माझ्याच नावावर लावा.”

शाखा अभियंत्यांनी ते पोते उलटसुलट करून पाहिले. सज्जन माणूस होता, पण तोवर सज्जनपणाला वाव मिळाला नसावा. “दुरुस्ती चालू ठेवा,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतले.

कंपनीने चार दिवस टाळाटाळ करून सिमेंट आणि खडी पाठवली. शाखा अभियंत्यांच्या त्या पत्रानंतर तिला पळवाट उरली नव्हती. पाया नकाशात साडेचार फूट होता. साडेचार फुटांवरच्या मातीचा गोळा दुपारी बाराच्या आत फाटला. मिस्त्री ‘अजून खाली’ म्हणाले. मॅनेजरने नकाशा उघडून दाखवला.

“नकाशा काढनारा हितं ऱ्हातो का?” मिस्त्रींनी विचारले.

“पुण्याला असतात ते.”

“मग त्यास्नी मुरूम पुन्याला लागला असंल.”

मुरूम साडेसात फुटांवर लागला. ते जादा तीन फूट त्या सातजणांनी कोणाच्याही बिलाच्या मापात न धरता खणले. मग पहिला थर बसेपर्यंत मिस्त्री बोलले नाहीत, आणि थर बसल्यावर गप्प बसले नाहीत. प्रत्येक जोडदगड बसवताना ते काठावरच्या लोकांना हाक मारत, “बघून घ्या, उद्या दिसनार न्हाय!” पहिल्या दिवशी टवाळी करणारेच पुढे पुढे दगड उचलू लागले. बाई रोज संध्याकाळी येऊन आभाळाकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने पाहत. “मिस्त्री, पावसाच्या आत होईल ना?” त्या विचारत. “बाई, तुमी पाढे म्हनून घ्या, म्या थर घेतो,” असे उत्तर मिळे.

मृगाच्या तोंडावर भिंत पुरी झाली. तळाशी एका ओळीत पाइपाचे तुकडे बसवून अठरा भोके ठेवली होती.

मॅनेजर काम पूर्ण झाल्याचा दाखला घेऊन हजर झाला. उपकंत्राटदाराने सही केली की कंपनीचा आमच्या गावाशी संबंध संपणार होता, आणि तो संपवायची त्याला आता फार घाई होती. मीही दाखल्याचा शब्दन् शब्द तपासून निर्दोष ठरवला होता. मिस्त्रींनी तो मोठ्याने वाचायला लावला. ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे.’

“पुरं झालं का न्हाय, ते अजून कुठं कळलंय?” ते म्हणाले. “पानी येऊ द्या.”

मॅनेजर हात जोडून विनवत राहिला. मी चिडलो. दाखल्याला मुदत असते, ती टळली तर कंपनी उलट आरोप करू शकते, हे सगळे मी त्यांना समजावले. आवाज चढवूनही समजावले. मिस्त्री शांतपणे थापी धूत होते.

“वकीलसाहेब, तुमी माझ्यासाठी लई भांडला. पर ही सही मागल्या सहीवानी करनार न्हाय म्या.”

ओढा भरायला श्रावण उजाडला. दोन दिवस पाणी भिंतीच्या अर्ध्याहून वर होते, आणि ते दोन्ही दिवस मिस्त्री डोक्यावर पोते घेऊन पलीकडच्या काठावर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढा उतरला. भिंत जागची हललेली नव्हती. गावकरी ओरडले, बाईंनी डोळे पुसले, मॅनेजरने पिशवीतून दाखला काढला. मैदानात मुरलेले पाणी भोकांतून वाहत होते, आधी गढूळ, मग निवळ. मिस्त्री बोटाने मोजत होते.

“सतरा,” ते म्हणाले.

एक भोक कोरडे होते. शाळेच्या शौचालयाकडून चौथे.

“अहो, अठरातलं एक!” मॅनेजर जवळजवळ रडकुंडीला आला होता.

मिस्त्री धोतर खोचून ओढ्यात उतरले. पाणी अजून गुडघ्याच्या वर होते. एका गवंड्याने वरून सळई दिली. ती त्यांनी भोकात घातली, ढोसली, फिरवली, पुन्हा ढोसली. एकदम आतला गाळ सुटला आणि काळ्या चिखलाचा लोट त्यांच्या तोंडावर, छातीवर, पांढऱ्या सदऱ्यावर आला. काठावरची पोरे खदखदा हसली. मिस्त्री डोळे मिटून तसेच उभे राहिले. त्या अठराव्या भोकातले पाणी निवळ होईपर्यंत त्यांनी तोंडही पुसले नाही.

मग ते वर आले आणि म्हणाले, “आना कागद.”

हात धुऊन घ्या, असे मी म्हणेपर्यंत त्यांनी भिंतीवरच कागद ठेवून सही केली होती. अक्षर मोठे आणि नीट होते, वडिलांच्या नावासह. शेजारी चिखलाचा पूर्ण पंजा उमटला होता आणि त्याचा एक ओघळ ‘समाधानकारकरीत्या’ या शब्दावर आला होता. मॅनेजर म्हणाला, असा कागद कार्यालय स्वीकारणार नाही, नवीन प्रत काढू या. आयुष्यभर मी खाडाखोड असलेला, डाग पडलेला एकही कागद पुढे जाऊ दिलेला नव्हता. तो मी वाळवला, घडी न घालता लिफाफ्यात ठेवला, आणि कार्यकारी अभियंत्यांना उद्देशून सोबतचे पत्र लिहिले. त्यातले शेवटचे वाक्य असे होते: ‘संलग्न दाखल्यावर जो चिखल दिसून येतो, तो दाखल्याचाच भाग समजण्यात यावा.’